आटलेली दोरी

३ ऑगस्ट
माझा नवरा सेमिसी, त्याला जाऊन वर्ष व्हायला तीन आठवडे उरले. तोवर आमच्यात दुखवट्यात कमरेला गुंडाळतात ती चटई सोडणार नाही, असं चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसले आहे. झोपताना सोडते. ते धरायचं नाही. चटई सासूबाईंच्या हातची. वरची काथ्याची दोरी सेमिसीने माझ्या मापाने वळलेली. आज जुन्या जागी गाठ बसेना. काथ्या दमट हवेत आटतो.

५ ऑगस्ट
चटई सोडायची, पुन्हा गुंडाळायची, फार वेळ जातो. म्हणून दिवसा लघवीला जायचं नाही, असा नियम केला. दोन दिवस जड गेले, आता इच्छाच होत नाही. शरीर शिकवलं की शिकतं.

८ ऑगस्ट
दोरी आणखी आटली.
लेसिएली आली होती. नणंद. आमच्या टोंगातल्या वावाऊ बेटावर नणंदेचा शब्द खाली पडू देत नाहीत, म्हणून ती जपून बोलते असं मुळीच नाही. म्हणाली, वहिनी, दादा जाऊन वर्ष होत आलं आणि तुझं पोट हे असं. लोकांना मी काय सांगू? मी म्हटलं, चरबी आहे. ती म्हणाली, चरबी चेहऱ्याला विसरली वाटतं.

१० ऑगस्ट
चर्चच्या विक्रीतून आणलेल्या वैद्यकाच्या जाड पुस्तकातलं मूत्राशयाचं प्रकरण वाचून काढलं. मूत्राशयाचं तोंडच न उघडण्याचा एक दुर्मीळ विकार आहे. लघवी तुंबते, वर चढते आणि मूत्रपिंडं एकाएकी बंद पडतात. बिचारे लोक. ओटीपोट फुगतं, थेंब थेंब होते. मलाही नकळत थेंब थेंब होते, पण सारखी होते, म्हणजे वाट मोकळी आहे. शिवाय दुर्मीळ रोग एवढ्याशा बेटावर कशाला येईल?
पाद्रीबाईंना मात्र असावा. त्यांचं पोट मी रविवारी नीट पाहिलं. जाऊन सांगून आले. त्यांनी दार लावून घेतलं.

१४ ऑगस्ट
पाय सुजले. मांडी घालून बसण्याने. मळमळ लेसिएलीने आणलेल्या अळूच्या पानांतल्या मांसाने. तिनेही तेच खाल्लं, तिला काही नाही. तिला कधीच काही होत नाही. उद्यापासून भरपूर शहाळी.

१७ ऑगस्ट
शहाळ्यांनी उतार नाही. म्हणजे कमी पडली.
भर प्रार्थनेत डोळा लागला. सेमिसी बोटीतून ये म्हणत होता. मी जाणारच होते, पण गाठ सुटेना.

१९ ऑगस्ट
लेसिएलीने हाताने पोट दाबून पाहिलं आणि थट्टा सोडली. म्हणाली, दादाही काही नाही, काही नाही म्हणायचा, आणि सकाळी गार पडला होता. दवाखान्यात चल. मी म्हटलं, वर्ष पुरं झाल्यावर. ती म्हणाली, चटई माझ्या भावासाठी बांधलीस ना? मग त्याची बहीण सांगते, सोड.
यावर पुस्तकात उत्तर नाही. गाठ सुटत नव्हती. तिने दातांनी सोडवली.

२० ऑगस्ट, दवाखाना
नळी घातली. एक पिशवी भरली, नर्स दुसरी आणायला धावली. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयाचं तोंड उघडत नाही, बायकांत हे क्वचित दिसतं. मूत्रपिंडं बंद पडत आली होती, आणखी दोन दिवस घालवले असते तर हाती लागला नसतात. मी म्हटलं, ठाऊक आहे, वाचलंय. त्यांनी विचारलं, मग आला का नाहीत? लेसिएली म्हणाली, तिला वाटलं पाद्रीबाईंना झालाय.

२४ ऑगस्ट
घरी. मूत्रपिंडं कामाला लागली आहेत. दोरी जुन्या जागी बसली. म्हणजे आटली नव्हती.
आज वर्ष पुरं झालं. लेसिएली चटई सोडवायला आली, तर मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. शेजारणींनी डोळे पुसले, केवढी माया म्हणाल्या.
माया आहेच. पण नळी महिनाभर राहणार आहे, आणि पिशवी झाकेल असं माझ्याकडे दुसरं काही नाही.