आईच्या लुगड्याचं जुनेर

बुधवार, १२ डिसेंबर २००७

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण मन लागलं नाही. आईच्या हिरव्या लुगड्याचा तो तुकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

मुलगी देवरीहून बाळंतपणाला आली आहे. बाळाच्या गोधडीसाठी आमच्या हिने चिंध्यांचं गाठोडं सोडून तुकडे निवडून ठेवले होते. जाड ते खाली, रंगीत ते काठाला, आणि बाळाच्या अंगाला लागेल तिथे आईचं जुनेर. नवं कापड टोचतं. आमच्या घरचं प्रत्येक लेकरू आधी जुनेरातच निजलं आहे.

आणि आमच्या चिरंजीवांनी नेमक्या त्याच तुकड्याने मोटरसायकलची चेन पुसली. काळंकुट्ट तेल. हिने दोनदा साबण लावला, जात नाही.

वर मलाच म्हणतो, "बाबा, चिंधीच त होती. काऊन एवढे तापून राहिले?"

चिंधी? माझी आई ते लुगडं नेसून धानाच्या बांधीत रोवणी करायची. आणि हा चिंधी म्हणतो. मामा होणार आहे, जुनेर कशाला म्हणतात ते ठाऊक नाही.

ही मात्र शांत. म्हणाली, "त्याचा बाजारात घालाचा निळा शर्ट धुऊधुऊ लोण्यावानी झाला हाय. मामाचंच कापड. लेकराले टोचणार नाही."

कात्री मीच आणून दिली.

उद्या तो शर्ट शोधेल. काय सांगायचं ते ठरवून ठेवलं आहे. चिंधीच त होती. देवाला हे आवडलं नसेल. पण दोरीवर वाळणारा तो हिरवा तुकडा पाहिला की वाटतं, आवडलंही असेल.