साठेकाकांची वर्तुळं

शॉमबर्ग, १७ ऑक्टोबर २००४

मी काम करतो त्या किराणा दुकानात ओळख झालेल्या साठेकाकांनी आज घरी जेवायला बोलावलं. जेवणानंतर त्यांचा साबणांचा धंदा समजावताना फळ्यावर वर्तुळं काढली. मधलं माझं. भोवती मी आणायची माणसं, त्यांच्याभोवती त्यांची; सगळ्यांच्या खरेदीतला वाटा मला. बघता बघता तळ्याकाठी माझं घर दिसायला लागलं, दारात आई.

"पण काका, हे साबण विकायचे कुणाला?"

"विकायचे कशाला? तू वापर, तुझी माणसं वापरतील."

म्हणजे वर्तुळांबाहेर गिऱ्हाईकच नाही? आमच्या दुकानात भेंडी घ्यायला निदान परके लोक येतात.

काकू हसल्या. "फार विचार करतोस बाबा. आधी खीर घे."

साठवलेले पैसे यात घालायचे नाहीत. उद्या फोन करून नाही म्हणायचं. मग पुन्हा बोलावतील का? या देशात आल्यापासून मला कुणी आग्रहानं वाढलं नव्हतं.