कान माझ्या तोंडाशी

८ डिसेंबर

नणंदबाई, हे तुला कुणी वाचून दाखवेपर्यंत तू मला विसरलेली असशील, म्हणून आधीच सांगते. मी रेवा, तुझी भावजय. जिच्या शेळ्या तू सांभाळते आहेस ना, तीच. शेळ्याही विसरली असशील तर मागे वळून बघ, तुझी तूर खात असतील.

तोरणमाळचा घाट उतरून काल शहाद्याला पोचले. बसमध्ये एका बाईचं आजारी लेकरू मांडीवर घेतलं होतं. सारा रस्ता माझ्या पदरात खोकलं, पण उतरताना मला सोडेना. वीरसिंग आणि सून ऊस तोडतात, त्यांची दोन पोरं सांभाळायला मी आले. पाचटाची खोपी इतकी बुटकी की आत शिरताना वाकावंच लागतं. या वयात चुलीला नमस्कार करायला शिकले.

थोरल्या रिनाला गुरुजींनी वही दिली, शाळा बुडते तर रोज एक पान लिही म्हणून. तिला काही सुचेना. म्हटलं, माझं लिही. मी आपल्या बोलीत सांगते, ती शाळेच्या मराठीत उतरवते, तेव्हा मी मास्तरीण झाले असं समजू नकोस. ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठी लावतात की तिला कान माझ्या तोंडाशी आणावा लागतो. म्हणते, आजी, तुझी थुंकी उडते. म्हटलं, अत्तर समज.

१० डिसेंबर

घसा जरा खवखवला. गरम पाणी प्याले, गेला. बाया फडात गेल्या की शेजारच्या खोप्यांतली पोरंही माझ्याभोवती जमतात. वीरसिंग म्हणाला, आई, तू तर अंगणवाडीच उघडलीस. मी म्हटलं, मग मला पगार दे. तो लगेच मोळी बांधायला निघून गेला.

१३ डिसेंबर

अक्षर वाकडं दिसत असेल तर मला बोलू नकोस. आज धाकटा भरत लिहितो आहे, तिसरीतला. रिनाला ताप आहे, मान सुजली आहे. भरत हळू लिहितो, एकेक शब्द मला तीनतीनदा सांगावा लागतो. तोही कान अगदी जवळ आणतो. शहाणा आहे.

१५ डिसेंबर

दामिनी नावाच्या नर्सबाई आल्या. रिनाच्या घशात बॅटरी मारली. मीही वाकून पाहिलं. आत राखेच्या रंगाचं कातडं धरलं होतं. बाई म्हणाल्या, घटसर्प. मला वाटलं खरंच साप, मी अंथरूण झटकलं. सुया दिल्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. गावात सुयांची बाई यायची तेव्हा पोरं उसात, आणि उसात आली की म्हणायचे, तुमच्या गावाला घ्या.

हा श्वासातून, थुंकीतून जातो म्हणाल्या. सगळ्यांना गोळ्या दिल्या. माझ्या वाटच्या मी भरतसाठी ठेवल्या, मला काय झालंय?

रिनाला नंदुरबारला नेताना तिला काही सांगायचं होतं. मी माझा कान तिच्या तोंडाशी नेला. आवाज नव्हता. नुसता वारा.

तिच्या अंथरुणापासून सगळी पोरं दूर ओढली. माझ्या गोधडीत घेतली.

१७ डिसेंबर

सगळ्यांच्या घशात कापूस फिरवून तो तपासायला नेला. रिनाची वाटी फेकली, फणी जाळली. मग आता भरतचा आवाज का बसला? तो म्हणतो, आजी, लिहितो मी, सांग. मी सांगते आहे आणि तो—

१८ डिसेंबर

रिना गेली.

हे शेजारच्या मोतीबाईच्या मुलीने लिहिलं. भरतलाही नेलं. ती जवळ सरकते आहे. मी म्हटलं, पुरे, एवढंच.

२१ डिसेंबर

आज नर्सबाई लिहितात. तोंडाला फडकं बांधून, दारात उभ्या राहून. मला नंदुरबारच्याच दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलंय.

तपासणी आली. माझ्या घशात आहे तो. मला चावत नाही, नुसता राहतो. बसमधलं ते लेकरू—

बाईंनी विचारलं, आजी, तुमच्या सगळ्यात जवळ कोणतं पोर बसायचं?

मी म्हटलं, जे लिहायचं ते.

२२ डिसेंबर

आज कमी बोलते. पदर तोंडात धरून. बाई म्हणतात, बोला आजी, मी लांब आहे. पण मला माझं तोंड उघडायची—

मोतीबाईची मुलगी बरी आहे. तिला पुन्हा गोळ्या दिल्या. देव करो—

२३ डिसेंबर

भरतने डोळे उघडले. पाणी उतरतं. बाई म्हणतात, वाचेल असं वाटतं. मला काचेतून दाखवला. त्याने हात केला. मी तोंड फिरवलं.

नणंदबाई, नागलीचं पीठ पाठव. बारीक दळून, चाळून. गूळ नको, त्याचा घसा सोलला आहे. तू येऊ नकोस, येणाऱ्या बसवाल्याकडे दे. पातळ पेज करायची, आणि ती सुनेलाच करू दे, मला वाटीजवळ येऊ देऊ नका. त्याला गरम घोट चालत नाही, जीभ भाजते, लहान होता तेव्हापासून मीच त्याला फुं—