एका बोटाने उचललेली दांडी

बा, काल मी गाडीमागे ओढायची नवी रेमॉर्क घरी आणली. तुझी अजून चिंचेखाली उभी आहे, तिच्या फळ्यांवर आई मिरच्या वाळत घालते. लोक विचारतात, एक असताना दुसरी कशाला. लोकांना मी काहीतरी सांगून वाटेला लावते. तुला मात्र नीट सांगायला हवं, कारण तुझी रेमॉर्क मी का सोडली हे ऐकायचा पहिला हक्क तुझा, आणि ऐकून भांडायचाही तुझाच. तू जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हा भांडण आता मला दोन्ही बाजूंनी करावं लागतं. मराठीत लिहिते आहे, कारण संध्याकाळी बैठकेत, त्या मराठीच्या शाळेत, नेऊन पाटीवर अक्षरं गिरवून घेतलीस ती तूच. बेटावर रोज बोलतो त्या क्रिओलमध्ये रागावणं मला जास्त सोपं गेलं असतं. पण तुझ्यावर रागवायचं तर तुझ्याच भाषेत, नाहीतर तू म्हणायचास, मला कळलंच नाही.

साखरेला चांगला भाव आला त्या वर्षी तू दोन्ही बैल देऊन टाकलेस आणि तो बुटका ट्रॅक्टर आणलास. बैल न्यायला माणूस आला तेव्हा तू परसात जाऊन उगाच विहिरीचा दोर गुंडाळत बसला होतास, मी पाहिलं होतं. ट्रॅक्टर मात्र तू शोधूनच काढला होतास. मोठ्या ट्रॅक्टरला आपल्याकडच्या उसात वेचून रचलेल्या दगडांच्या ढिगांमधून वळताच येत नाही, हा वळायचा. उसाच्या दोन ओळींमधल्या बटाट्यातही शिरायचा. अडचण एकच होती. आपलं एक रान घरामागे, पेती राफ्रेत, आणि दुसरं, आईच्या माहेरकडचं, त्रियोलेला. ट्रॅक्टर रस्त्याने चालवत न्यायचा तर सकाळ रस्त्यातच सरते, मागे बसवाले भोंगे मारतात, आणि डांबरावर टायरांचे दात झिजतात ते वेगळंच. म्हणून त्याला वर चढवून गाडीमागे ओढत न्यायला रेमॉर्क हवी होती. मामाची जुनी कामियोनेत, ती मागे उघडा हौदा असलेली छोटी गाडी, आपल्याकडे आलेलीच होती, आणि घरात ती चालवायचा परवाना एकटीकडे होता. माझ्याकडे. बावीस वर्षांची होते मी. त्या दिवसांत गावात बाईमाणसाने गाडी चालवली की म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

रेमॉर्क तू विकत घेतली नाहीस, बनवलीस. मोडक्या लॉरीचा एक आस, दोन चाकं, साखरेच्या गिरणीतून आणलेलं लोखंड, वर फळ्या. मी म्हटलं होतं की एका आसावर एवढं वजन नको, दोन घालू, ब्रेकही बसवून घेऊ. तू हसलास. म्हणालास, बैलगाडीला कधी चार चाकं पाहिलीस का. आणि आस नेमका मधोमध बसवलास, जसा तू आयुष्यभर बैलगाडीला बसवत आलास. मला आठवतं, मी सहा-सात वर्षांची असताना तू ऊस भरून झाला की बैल जुंपायच्या आधी मला पुढे बोलवायचास आणि जू उचलायला लावायचास. ते माझ्या हाताने उचललं गेलं नाही तर तू भरलेला ऊस उतरवून पुन्हा रचायचास, थोडा मागे. गिरणीच्या काट्यावर रांग लागलेली असो, ऊन चढलेलं असो, तू रचायचासच. बाकीचे गाडीवान चेष्टा करायचे. तू एवढंच म्हणायचास, “मुक्या जनावराच्या मानेवर आपला भार टाकायचा नाही.” बा, मी तुझ्यापासून जे काही शिकले त्यातलं सगळ्यात चांगलं हेच आहे, आणि त्यानेच आपला घात केला.

पहिल्या फेरीचा दिवस. तुला शेजारचा लॉरीवाला हवा होता, मी दोन दिवस धुसफुस करून, एक वेळ जेवण टाकून, ती फेरी स्वतःकडे घेतलेली. तू ट्रॅक्टर फळ्यांवर सरळ वर चढवतोस, तोंड पुढे, मागे माती फोडायचं यंत्र लोंबतं आहे. खाली उतरतोस, वाकतोस, आणि कामियोनेतला जोडायच्या आधी रेमॉर्कची दांडी एका बोटाने उचलून दाखवतोस. एका बोटाने! आई कौतुकाने बघते. दांडीवर नारळ फुटतो, कुंकू लागतं, खोबऱ्याचा तुकडा तू माझ्याही हातावर ठेवतोस. तू माझ्या शेजारी बसतोस आणि मी गाडी काढते. बाजारापर्यंत ठीक होतं. त्रियोलेच्या अलीकडे रस्ता जरा उतरतो तिथे गाडीने वेग घेतला, आणि मागून रेमॉर्क हलायला लागली, कुत्र्याने शेपूट हलवावं तशी, आधी थोडी, मग अशी की कामियोनेतच रस्त्यावर इकडून तिकडे फेकली जाऊ लागली. मी ब्रेक दाबला. ते म्हणजे आगीत तेल. दांडी सुटली, रेमॉर्क उसाच्या कडेला गेली आणि ट्रॅक्टर दगडांच्या ढिगावर आडवा पडला.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ऊसतोडीची माणसं धावत आली, बसमधली खाली उतरली, आणि त्या सगळ्यांसमोर तू माझ्या हातातून किल्ली घेतलीस. ओरडला नाहीस. ओरडला असतास तर मीही ओरडले असते. तू शांतपणे म्हणालास, “पोरीच्या हातात दिली, ही माझी चूक.”

बा, त्या वाक्याने मला किती वर्षं बसवून ठेवलं माहीत आहे का? मी परवाना आईच्या साड्यांखाली ठेवून दिला. लग्नं ठरायची, मोडायची, बायका म्हणायच्या, हीच ना ती ट्रॅक्टर उलटवणारी. मीही मानून टाकलं की माझेच हात कच्चे. तू ट्रॅक्टर दुरुस्त केलास, रेमॉर्कही सरळ केलीस, पण पुन्हा कधी जोडली नाहीस. त्रियोलेचं रान दुसऱ्याला कसायला दिलंस. तीन वर्षांनी तुझी छाती भरली. शेवटच्या आठवड्यात, मी स्वयंपाकघरात ब्रेदची पालेभाजी निवडत होते, तू भिंत धरत आलास आणि रुमालात गुंडाळलेली, दांडी गाडीला जोडायची खीळ माझ्यासमोर ठेवलीस. मग परत जाऊन पडलास. मला कळलं की तू मला माफ केलंस. आणि खरं सांगू, मला त्याचाच जास्त राग आला. भाजी अर्धी टाकून मी परसात जाऊन रडले.

तू गेल्यावर सगळे म्हणाले, ट्रॅक्टर विकून टाका. मी नाही म्हटलं. आई म्हणाली, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, बापासारखीच आहेस. असेन. मी साड्यांखालून परवाना काढला. घरामागच्या रानात ट्रॅक्टर मी चालवू लागले, मग शेजारच्यांच्या रानात, मग सगळ्या गावात लोक बोलावू लागले. पण त्रियोलेचं रान परत घ्यायचं माझ्या मनात घट्ट बसलं होतं, आणि त्यासाठी तो उताराचा रस्ता होता. तुझी रेमॉर्क जोडायची माझी छाती होत नव्हती. मी ठरवलं, यावेळी काहीही अंदाजाने करायचं नाही. ऊसतोड संपल्यावर गिरणीचा काटा रिकामा असतो. काटेवाल्याला तुझी आठवण होती, त्याने हरकत घेतली नाही. मी ट्रॅक्टर यंत्रासकट काट्यावर चढवला. मग नुसती पुढची चाकं वर ठेवून वजन घेतलं, मग नुसती मागची. तू विकणाऱ्याच्या कागदावरचं वजन धरलं होतंस. त्यात ना यंत्र होतं, ना मागच्या टायरांत भरलेलं पाणी. आणि बहुतेक भार मागे होता, पुढच्या दुपटीहूनही जास्त.

हे घेऊन मी त्रियोलेच्या वेल्डरकडे गेले. त्याला सगळे तोंतों म्हणतात, काका म्हणावं तसं. मी त्याला दोन आस हवेत, ब्रेक हवेत, चढायची फळी लांब हवी, हे सगळं सांगितलं, तो मान हलवत गेला. मग मी तुझी गोष्ट सांगितली, दांडी एका बोटाने उचलल्याची. माणूस हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “बिझें मेत एन तिगित प्वा दिवाँ, मो फी.” थोडं वजन पुढे ठेवावंच लागतं, पोरी. मग त्याने जमिनीवर खडूने काढून दाखवलं. गाडीमागची रेमॉर्क म्हणजे बैलगाडी नव्हे. दांडी गाडीवर जड बसली तर रेमॉर्क गुमान मागे येते. भार आसाच्या मागे गेला की दांडी वर उचलू पाहते आणि मागचं अंग डोलायला लागतं, मग चालवणारा कितीही तयारीचा असो. त्याची खूण अशी की दांडी एकट्याने उचलता येता कामा नये, दोघांनी मिळून आलीच तर यावी.

मी तिथेच त्याच्या बाकावर बसले. म्हणजे माझे हात कच्चे नव्हते. एवढी वर्षं! मला तुझा इतका राग आला, बा, की तू समोर असतास तर मी काय बोलले असते सांगवत नाही. लोखंडाला कुठे मान असते? तू बैल देऊन टाकलेस आणि त्यांची काळजी मात्र देता आली नाही तुला, ती तू लोखंडाला लावलीस. त्या बाकावर मी रागावले होते आणि मला तुझी मायाही येत होती. दोन्ही एकदम येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

नवी रेमॉर्क मी सांगितली तशीच झाली. चार चाकं, ब्रेक, बुटकी, म्हणजे ट्रॅक्टर उंचावर राहत नाही, आणि साखळ्या अडकवायला चारी कोपऱ्यांत कड्या. ट्रॅक्टर मी आता उलटा चढवते, मागच्या अंगाने, म्हणजे जड बाजू गाडीकडे येते आणि चढताना तोंडही हवेत उठत नाही. चाक कुठे थांबवायचं तिथे फळीवर लाल रंगाची रेघ मारली आहे. आज सकाळी पहिली फेरी केली. आईने नारळ काढून ठेवला होता, फोडला. मग मी सवयीने वाकले आणि दांडीखाली बोट घातलं. हलली नाही. दोन हात लावले, तरी नाही. शेजारचा म्हातारा लॉरीवाला, तोच, कुंपणावरून बघत होता. तो म्हणाला की तुझा बाप असता तर हे सगळं उतरवायला लावलं असतं. मी म्हटलं, असता तर लावलं असतं, आणि मी उतरवलं नसतं. उताराशी आले तेव्हा मी आरशात मागे पाहिलं. रेमॉर्क सरळ आली. मी त्रियोलेला पोचले, दुपारपर्यंत रान उलटलं, आणि तशीच परत आले. कसणाऱ्याने ते सोडलं आहे, पुढच्या हंगामापासून ते रान आपण कसतो आहोत.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्न नाहीच. नव्या रेमॉर्कच्या हत्यारांच्या पेटीत तुझी खीळ ठेवली आहे, ती नव्या जोडाला बसत नाही, पण असू दे. हे तिच्याखाली ठेवेन. पण पेटी बंद करायच्या आधी एक सांगायचं राहिलं. ते तोंतोंला नाही सांगितलं, आईलाही नाही. त्या दिवशी आपल्या दारातून निघतानाच कामियोनेतचं मागचं अंग मला हलकं लागलं होतं, कुणीतरी मागून धरून उचलल्यासारखं. मला वाटलं होतं, काहीतरी चुकतं आहे. बोलले असते तर तू गाडी थांबवून लॉरीवाल्याला हाक मारली असतीस, आणि माझी फेरी गेली असती. म्हणून मी गप्प बसले. हात नव्हते चुकले, बा. तोंड चुकलं होतं.