ठकीच्या पिसवा आणि आक्काचं औषध

नगर,
दि. ४ ऑगस्ट २०२५

चि. जालिंदर यास मालनआक्काचे अ. आ. आणि जयभीम.

फोनवर मी बोलायला लागले की तुझी रेंज जाते, म्हणून तुझ्या शेजारच्या आसारामच्या हाती हे पत्र देते. दोन दिवस तुझ्याकडे राहिले आणि पायांची पार चाळण करून घेऊन आले. सून दीपाला वाटलं, मला या वयात गोवर उठला! हसली मेली तोंडावर पदर धरून.

लंका होती तोवर त्या मांजराच्या अंगातून आठवड्याला बारीक फणी फिरायची, गोधड्या उन्हात पडायच्या. आता तू आणि ठकी एकाच गोधडीत! जन्मभर गवंडीकाम करून लोकांच्या भिंती ओळंब्यात आणल्यास, स्वतःच्या घराला मात्र काडीची शिस्त नाही. बायको गेल्यावर तुला ठकीशिवाय बोलायला कुणी नाही, हे मलाही कळतं रे. म्हणून काय तिच्या पिसवांशीही सोयरीक करायची?

सोबत आमच्या सचिनच्या कुत्र्याचं पिसवांचं औषध पाठवते. नळी मोडून ठकीच्या मानेवर सोड. कुत्र्याचं का मांजराचं का, असल्या चौकशा करत बसू नकोस. पिसू ती पिसूच. तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, तुझ्यासारखे ठोंबे ढिगानं पाहिलेत.

लोभ असू दे, पिसवा नकोत.

तुझी,
मालनआक्का


खर्डा,
दि. ७ ऑगस्ट

आदरणीय आक्कास जालिंदरचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं औषद पावलं. तू लिव्हलं तसं परवा ठकीच्या मानेवर सोडलं. सांच्यापारी ती थरथराया लागली. तोंडाला फेस, पाय ताठ, मला वळखंना. आसारामच्या टेम्पोत घालून जामखेडला जनावराच्या डॉक्टरकडं नेली. त्यानं डबी बघितली आन् माझ्याकडं असं बघितलं का मला मेल्यावानी झालं. म्हनला, कुत्र्याचं हे औषद मांजराला इख हाय. डबीवर मांजराचं चित्र काढून फुली मारलीया, तेवढीबी दिसली न्हाई का. साबनाच्या कोमट पान्यानं धुतली, सुया टोचल्या, ठेवून घेतली. वाचंल का, ते सांगत न्हाई.

मी अडानी गवंडी, पन फुली मला दिसली हुती आक्का. तू लिव्हलं हुतं, चौकशा करू नको. तुझ्या अक्षरापुढं मी ते चित्र खोटं धरलं.

औषद कुनी दिलं, असं त्यानं चारचौघांत इचारलं. मीच आनलं म्हनून सांगितलं. माझी बहीन मास्तरीन हाय, तिचं हसं कशाला करू? तुमच्यासारख्यांनी जनावर पाळूच न्हाई, असं म्हनला. 

घर खायला उठतंय. तुझी अक्कल तुझ्यापाशीच ठिव, पुन्यांदा धाडू नको.

लोभाचं मागनं बघू.

धाकटा,
जालिंदर


नगर,
दि. ८ ऑगस्ट

जालिंदर, आज आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही. नुसता जयभीम.

आसाराम खाली थांबलाय, त्याच्याच हाती उत्तर देते. तुझं पत्र वाचून मी घरातली दुसरी डबी काढली. फुली बिनचष्म्याची दिसते. मी डबी पाहिलीच नव्हती रे! आणि त्याहून वाईट सांगते. तुला औषध पाठवताना दीपानं मला अडवलं होतं, हे मांजराला चालत नाही म्हणून. मी तिला म्हटलं, कालची पोर मला शिकवणार का. जळो माझं शहाणपण. 

आसारामकडून नंबर घेऊन डॉक्टरला फोन केला. ठकी पाणी प्यायली, धडपडत उभी राहते. वाचली म्हणाला. परवा सोडणार आहे. मग म्हणाला, बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता, तुमच्या त्या अडाणी भावाला जरा समजावा. आणि मी हो म्हटलं, जालिंदर. हो म्हणून फोन ठेवला. चोरावर मोर झाले.

म्हणून परवा सकाळच्या गाडीनं जामखेडला येते. त्या डॉक्टरपुढे, जितकी माणसं बसली असतील तितक्यांपुढे मला सांगायचंय की अडाणी कोण ते. तू मधे पडून मला झाकू नकोस.

लोभ उरला असला, तर स्टँडवर घ्यायला ये.

मालन