यादी उघडली तेव्हा

महानगर, लखनौ
मे २००९

प्रिय चंदा,

दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला असता तर मला पुढचं बोलता आलं नसतं. म्हणून हे ई-मेलने पाठवतेय. भाऊजी जवळ असतील तेव्हाच वाच.

भाऊजींच्या बदलीने तुम्ही तेजपूरला गेलात आणि तुमच्या जयसिंगला कॉलेज संपेपर्यंत माझ्याकडे ठेवलंत. घर भरलं माझं. मी मराठीत रागवायचे, तो हिंदीत समजूत काढायचा. मी जिथे कॉम्प्युटर सांभाळते त्याच कॉलेजात तो शिकत असल्याने चिनहटपर्यंत आम्ही एकाच बसने जायचो, पण गेटच्या आत तो मला ओळख दाखवत नसे. त्या वयात तसंच असतं.

आमच्या कॉलेजातल्या दंग्याचं तू टीव्हीवर पाहिलं असशील. परीक्षेला बसायला पात्र असलेल्या मुलांची यादी वेबसाइटवरून एक्सेलमध्ये डाउनलोड होते. या वेळी फाइल उघडेचना. परीक्षा विभागातल्या राजेशबाबूंनी एक्सेललाच ती दुरुस्त करायला लावलं. उघडली, पण शेवटची कितीतरी नावं गळून. तीच यादी फळ्यावर लागली. ज्यांची नावं नव्हती त्यांना प्रवेशपत्रं मिळेनात, आणि नावं मुद्दाम कापली अशी बोंब झाली.

यादी दुरुस्त करायला मला बोलावलं तेव्हा खाली दगडफेक सुरू होती. राजेशबाबू म्हणाले, “मैडम, आप लगी रहिए, दरवाज़ा मैं देखता हूँ.” मी आतल्या खोलीत सर्व्हरवर बसले. यादी बनवणारा प्रोग्राम ठीक होता. त्याला जोडलेल्या एका फाइलच्या शेवटी रिकामी ओळ राहिली होती. ती ओळ डाउनलोड होणाऱ्या यादीत पहिल्या नावाच्याही आधी घुसायची आणि पुढचं सगळं नासायचं. मी ती पुसली. मधल्या दाराची काच फुटली, पोरं आत आली. राजेशबाबूंना कॉलर धरून ओढलं, बुटांनी हात तुडवले. मॉनिटर भिंतीवर आपटले. मी यादी पुन्हा डाउनलोड केली. मग फाइल उघडली. सगळी नावं होती, एकही गळलं नव्हतं.

मी “लिस्ट मिल गई” ओरडत बाहेर धावले. कोण ऐकतंय? राजेशबाबू भिंतीशी पडले होते, कपाळावरून डोळ्यांत रक्त ओघळलेलं, हात जोडलेले. एका मुलाच्या हातात खुर्चीचा लोखंडी पाय होता. त्याने तो पडलेल्या माणसाच्या डोक्यात घातला. पुन्हा उचलला, पुन्हा घातला. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही. मग त्याने मान वर केली, मला पाहिलं, आणि तो लोखंडी पाय तिथेच टाकून पळाला.

राजेशबाबू काल सकाळी गेले. निशातगंजला त्यांच्या घरी जाऊन आले. त्यांच्या बायकोने, सरोजने, एवढंच विचारलं, “आप तो वहीं थीं न, दीदी? किसने मारा?” मी उठून घरी आले.

चंदा, तो जयसिंग होता. त्याचं स्वतःचं नाव पहिल्या यादीतही होतं. मित्रांसाठी गेला होता, म्हणतो. “सब मार रहे थे, मौसी.” उद्या सकाळी मला जबाबासाठी ठाण्यात बोलावलंय. मी त्याचं नाव सांगणार आहे, हे त्याला दुपारीच सांगितलं. वाटलं, पळेल. पळाला नाही. म्हणाला, “मैं भी साथ चलूँगा. माँ को आप बता दीजिए, मुझसे नहीं होगा.” म्हणून हे लिहिलं. मिळेल त्या गाडीने ये. त्याला वकील लागेल, आणि त्याहून तू लागशील. माझ्या घरी उतरावंसं वाटलं नाही, तरी स्टेशनवर मी उभी असेन.

तुझीच,
विभा