बारावी सही

प्रिय छोटे,

तुझ्या कार्यालयाचं पत्र पोचलं. शिक्का अगदी स्वच्छ उमटलाय. 'अर्ज अपूर्ण. बारा सभासदांपैकी अकरांच्याच सह्या.' खाली छाननी करणारीची सही, आणि तिच्या शेवटच्या अक्षराला तेच वळण, जे मी तुझा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं होतं. तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय.

छोट्या संस्थांना छोटं अनुदान, असं तुमच्या जाहिरातीत होतं. अर्ज मात्र बावीस पानांचा! इस्त्रीवालीच्या टेबलावर कपड्यांचे गठ्ठे बाजूला सारून आम्ही चार दुपारी त्यात घालवल्या. 'अपेक्षित फलित' म्हणजे काय, यावर तासभर वाद झाला. शेवटी दाई वैतागून म्हणाली, पोरांना जन्माचे दाखले मिळतील आणि ती शाळेत बसतील, एवढं लिही आणि मोकळी हो. तेच लिहिलं. 'संस्थाप्रमुखाची सही' या चौकटीपाशी पुन्हा घोडं अडलं. आपल्या संघटनेत प्रमुख नाही, हे तुला मी काय सांगायचं? नियम तुझाच. अध्यक्ष आली की खुर्ची येते, आणि खुर्ची आली की चहा आणायला दुसरी बाई लागते, असं म्हणून तूच सगळ्यांना हसवलं होतंस. म्हणून तर आपल्या प्रत्येक कागदावर सगळ्यांच्या सह्या असतात. त्या इवल्याशा चौकटीत आम्ही पाच सह्या आणि सहा अंगठे दाटीवाटीने बसवले. भंगारवालीचा अंगठा थेट पान क्रमांकावर गेला.

घरचं म्हणशील तर आई बरी आहे. तुझा फोन आला की गुडघे विसरते, ठेवला की दुप्पट दुखतात. वस्तीत अजून चौतीस मुलं बिनदाखल्याची आहेत. सगळी घरीच जन्मली, आणि कुठलं कधी जन्मलं हे फक्त दाईला ठाऊक. तिचा जबाब कोर्टात नोंदवला की काम होईल, असं वकीलबाई म्हणतात. पण त्यांनी तरी फुकट किती धावायचं? दाईला आता बस झेपत नाही, गाडी करावी लागेल. आणि परवा तिला दोन मुलांची नावं आठवेनात. तिसरीला ती तुझ्या नावाने हाक मारत होती. मला रडूच आलं. तुझा दाखलाही तिच्याच जबाबावर निघाला होता ना गं? त्याच्याच जोरावर तू शिकलीस आणि त्या खुर्चीपर्यंत पोचलीस. खुर्चीचा मला राग नाही. अकरा सह्या मोजताना बारावी कोणाची, हे तुला कळलं नसेल असं मला मानताच येत नाही, त्याचा राग आहे.

चूक माझीही आहे. तू नोकरीला गेलीस तेव्हाच यादीतून तुझं नाव काढायला हवं होतं. दर वर्षी नवी यादी लिहायला बसते आणि बाराव्या ओळीवर हात आपोआप तुझं नाव लिहितो. कोणी मला अडवलंही नाही. आता तू सही केलीस तर अर्ज तुमच्याच माणसाचा म्हणून बाद होणार, नाही केलीस तर अपूर्ण म्हणून. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. म्हणून सोबत तुझा राजीनामा पाठवतेय, दोन ओळींचा, माझ्याच अक्षरात. त्यावर सही कर आणि लगेच परत पाठव. दाईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती अजून बाराच मोजते.

राजीनामा दिलास तरी तुझीच,
ताई